काठावरचं लोणार

फ्रान्समध्ये लिमोज शहराच्या पश्चिमेला रोशशुआर नावाचं एक छोटं गाव आहे. ग्रेन आणि व्हेर या दोन नद्यांच्या संगमावर उंच कड्यावर जुना वाडेवजा किल्ला, त्याला लागून दगडी घरांच्या अरुंद गल्ल्या, आणि मध्ये एक चर्च. त्या चर्चचं टोकदार शिखर सरळ वर न जाता स्वतःभोवती पीळ घेत गेलेलं. वस्ती चार हजारांच्या आत. फ्रान्सच्या खेड्यांची चित्रं पाहून आपल्या मनात जे गाव तयार होतं, ते हेच. किल्ल्याच्या आत सोळाव्या शतकातली शिकारीची भित्तिचित्रं आहेत आणि आता तिथेच आधुनिक कलेचं संग्रहालयही आहे.

या गावाची खरी ओळख मात्र त्याच्या भिंतींत आहे. घरं, किल्ला, चर्च ज्या दगडातून उभी राहिली, तो दगड कुठल्याही साध्या खाणीतला नाही. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी आकाशातून आलेला एक प्रचंड पाषाण इथे आदळला. त्या धडकेत जमिनीचा खडक फुटला, वितळला आणि चुरा होऊन पुन्हा घट्ट झाला. रोशशुआरच्या गवंड्यांनी शतकानुशतकं हाच दगड वापरला. जवळच्या शासनों गावी रोमनांनी स्नानगृहं बांधली, ती त्याच दगडाची. हा दगड नेमका काय आहे, हे एकाही बांधणाऱ्याला ठाऊक नव्हतं. पुढे अभ्यासकांनीही त्याला ज्वालामुखीचा दगड ठरवलं. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या फ्रान्स्वा क्राउत यांनी 1960च्या दशकात त्याचं मूळ आघातात असल्याचं दाखवून दिलं. विवर कधीच झिजून गेलं आहे. आज रोशशुआरच्या चौकात उभं राहिलं तर खड्डा दिसत नाही, दिसतात फक्त घरं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात नेमकं उलट आहे. मेहकरहून दक्षिणेला निघालं की सोयाबीन आणि कपाशीच्या सपाट रानातून रस्ता जातो. डोंगर नाही, दरी नाही, पुढे काही वेगळं येणार आहे अशी कसलीच चाहूल नाही. मग गाव लागतं, बाजाराची गर्दी, टपऱ्या, एसटी स्टँड. आणि गावाच्या पलीकडे जमीन एकदम संपते. खाली गोल, हिरवं, प्रचंड विवर आणि त्याच्या तळाशी गढूळ हिरवं पाणी. काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळ्याचा व्यास सव्वा किलोमीटरच्या घरात. इथे विवर इतकं ठळक आहे की गाव दिसेनासं होतं. येणारा पर्यटक काठावर गाडी लावतो, फोटो काढतो, परत जातो. लोणार म्हणजे सरोवर, एवढंच लोकांच्या डोक्यात राहतं.

हा लेख त्या गावाबद्दल आहे. रोशशुआरला लोक गाव पाहायला जातात आणि विवराची गोष्ट तिथे कळते. लोणारला लोक विवर पाहायला येतात आणि गावाची गोष्ट कोणी विचारत नाही. माझ्या मते लोणारचं जे काही बिघडलं आहे, त्याचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

गावाची सुरुवात धारेपासून करावी. विवराच्या ईशान्य कडेला काठ चिरून एक घळ खाली उतरते. तिच्या माथ्यावर गोमुखातून बारमाही पाणी पडतं. लोक याला धार म्हणतात. कुंड, ओवऱ्या, भोवती लहान देवळं. पहाटे इथे आंघोळीला माणसं असतात, सणासुदीला तर पाय ठेवायला जागा नसते. पाणी थंड, स्वच्छ आणि गोडं. चार-दोनशे पावलांवर खाली जे पाणी साठलंय ते इतकं खारं आणि अल्कधर्मी की त्यात मासा जगत नाही, आणि त्याच विवराच्या काठातून हे गोडं पाणी अखंड वाहतंय. बेसाल्टच्या थरांमधून झिरपत आलेलं पाणी इथे बाहेर पडतं, असं भूजलशास्त्र सांगतं. गावाला ते कारण कळण्याआधी हजार वर्षं तरी पाणी कळलं होतं. पुराणांत या तीर्थाचं माहात्म्य येतं, ते या धारेमुळे.

अबुल फझलने आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारवर थांबून लिहिलंय. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, असं तो नोंदवतो. चहूबाजूंनी उंच टेकड्यांनी वेढलेलं खाऱ्या पाण्याचं तळं, काठाला गोडं पाणी, टेकडीवर बैलाच्या मुखातून वाहणारा झरा, आणि सोमवारी अमावास्या आली की त्या झऱ्याचं पाणी मोठ्या तळ्याला मिळतं, अशी श्रद्धा. सोमवती अमावास्येचा हा तपशील कोणा दरबारी माणसाच्या डोक्यातून येणार नाही. तो इथल्या कोणाच्या तरी तोंडून ऐकलेला आहे. पुढे तो सांगतो की या तळ्यात काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो आणि त्यावर सरकारला चांगलं उत्पन्न येतं. म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी लोणार एकाच वेळी तीर्थक्षेत्र होतं आणि कारखान्याचा कच्चा माल देणारं गावही होतं. आज उतारावर जे रामगयेचं देऊळ दिसतं, त्याच्या नावात ती जुनी गया अजून आहे.

हा माल म्हणजे खार. पावसाळ्यात तळं भरतं, उन्हाळ्यात आटतं. विवरातून पाण्याला बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे जे पाणी आत येतं ते उडूनच जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हे चालू राहिलं, म्हणून तळ्याचा सामू साडेदहाच्या आसपास जातो. उन्हाळ्यात काठावर पांढरट थर धरतो, आणि तो गोळा करणं हा इथला धंदा होता. मालाच्या प्रतीप्रमाणे नावं वेगळी: डल्ला, पापडी, भुसकी. साबण, काचेच्या बांगड्या, रंगकाम अशा कामांना तो दूरदूर जायचा. इंग्रजी अमलात या खाराचे मक्ते दिले जायचे आणि जिल्ह्याच्या कागदपत्रांत त्याच्या उत्पन्नाचे आकडे यायचे. कारखान्यात तयार होणारा सोडा स्वस्त झाला, तसा हा धंदा विसाव्या शतकात संपला.

खाराचा धंदा संपला यात हळहळण्यासारखं तसं काही नाही. असे शेकडो धंदे संपले. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जोवर खार निघत होता, तोवर गावाचं तळ्यात रोजचं जाणं-येणं होतं. पाणी किती आटलं, थर कुठे धरला, वास बदलला का, हे पोटापाण्याचे प्रश्न होते. तळ्यावर नजर ठेवणारी शेकडो माणसं होती आणि त्यांना कोणी नेमलं नव्हतं. धंदा गेल्यावर तळ्याकडे गावाची पाठ झाली. सांडपाण्याचे ओहोळ त्याच दिशेने उतरू लागले, विवराच्या आत केळी-मक्याची शेती झाली, उतारावर वेडी बाभूळ माजली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका गेली, तेव्हा कुठे सांडपाणी, शेती आणि अतिक्रमणं हे विषय शासनदरबारी गंभीर झाले.

आता गावातलं सर्वांत मोठं बांधकाम पाहू. दैत्यसूदनाचं देऊळ गावाच्या ऐन मध्यात आहे, घरांनी आणि रस्त्यांनी वेढलेलं. ताऱ्यासारखी कोनाकोनांची मांडणी, जोत्यापासून शिखराच्या तुटल्या टोकापर्यंत कोरीव काम. चालुक्य परंपरेतलं हे बांधकाम वऱ्हाडातल्या सर्वोत्तम देवळांपैकी एक आहे, आणि ते नुसतं विदर्भाभिमानाने म्हणत नाही. उन्हात बाहेरच्या भिंतीवर बारीक मूर्तींच्या सावल्या पडतात तेव्हा काळ्या दगडात किती खोलवर छिन्नी चालली आहे ते कळतं. आत सभामंडपाच्या छतावर लोणासुराच्या वधाची कथा कोरलेली आहे. आत अंधार असतो. सोबत विजेरी असली तरच ते छत नीट दिसतं. मान मागे टाकून, एका एका चौकटीवर प्रकाश फिरवत पाहावं लागतं. त्या छताखाली अर्धा तास घालवल्यावर देवळातून लगेच बाहेर पडवत नाही.

कथा अशी आहे. लोणासुर जमिनीखाली राहून लोकांना छळायचा. विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेतलं, त्याच्या बहिणींकडून त्याचा ठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्याने त्याच्या घरावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. उडालेलं झाकण दूर एका टेकडीच्या रूपात पडलं. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि खार म्हणजे त्याचं मांस.

या कथेत उल्कापाताची आठवण आहे, असं काही उत्साही लोक सांगतात. तसं नाही. लोणारच्या आघाताचं वय 1990च्या दशकात सुमारे 52 हजार वर्षं धरलं जायचं. 2011 साली अरगॉन पद्धतीने केलेल्या मापनाचे निष्कर्ष आले आणि ते वय 5 लाख 70 हजार वर्षांच्या आसपास गेलं. इतक्या मागे इथे ते पाहून सांगायला आणि ते कथेत जपायला आपल्यासारखा माणूसच नव्हता. मला या कथेत दुसरीच गोष्ट मोठी वाटते. काठावर उभं राहून कोणीतरी नीट पाहिलं, की हा खड्डा पाण्याने कोरलेला नाही, नदीने खणलेला नाही. इथलं काहीतरी एका झटक्यात उडालं आहे. काठाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत आणि काठ भोवतीच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच उचललेला आहे. जो गुराखी रोज तिथून फिरतो त्याला ते दिसतं. झाकण उडाल्याची कल्पना या निरीक्षणातून आली असावी, आणि त्या निरीक्षणात चूक नव्हती.

विज्ञानाला तिथे पोचायला बराच वेळ लागला. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. पुढचं शतकभर बहुतेक अभ्यासकांनी त्याला ज्वालामुखीच्या खात्यात टाकलं, आणि ते साहजिकही होतं. सभोवार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा खडक. त्यात गोल खड्डा दिसला की दुसरं काय सुचणार? अमेरिकेतले नामवंत भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी 1896 साली अॅरिझोनातल्या विवराचा विचार करताना लोणारचा दाखला घेतला आणि दोन्हीकडे जमिनीखालच्या वाफेचा स्फोट झाला असावा, या बाजूला कौल दिला. पुढे अॅरिझोनाचं विवर उल्केचं ठरलं. लोणारबाबत 1960च्या दशकात तसे लेख येऊ लागले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे अभ्यासक यांनी तळ्याच्या तळाशी भोकं पाडली. सुमारे शंभर मीटर गाळ पार केल्यावर चुरडलेला बेसाल्ट लागला, त्यात मॅस्केलिनाइट. हा पदार्थ म्हणजे प्रचंड दाबाखाली काचेसारखी झालेली फेल्डस्पार खनिजं. साध्या ज्वालामुखीत इतका दाब येत नाही. 1973 साली 'सायन्स' नियतकालिकात तो निबंध आला आणि वाद संपला. बेसाल्ट खडकात झालेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं दुसरं विवर पृथ्वीवर जवळजवळ नाही. चंद्रावरची काळी मैदानं आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

इथे फ्रान्सचं दुसरं एक गाव आठवतं. 26 एप्रिल 1803 रोजी नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाच्या परिसरात भरदिवसा स्फोटांचे आवाज झाले आणि आकाशातून तीन हजारांच्या आसपास दगड पडले. तोवर आकाशातून दगड पडतात हे म्हणणं पॅरिसच्या विद्वानांना खेडवळांची भाबडी समजूत वाटायचं. सरकारने ज्याँ-बाप्तिस्त बिओ या तरुण शास्त्रज्ञाला चौकशीला पाठवलं. बिओने काय केलं, तर तो गावोगाव पायी फिरला. शेतकरी, मजूर, धर्मगुरू, बायका, ज्याने काही पाहिलं वा ऐकलं त्या प्रत्येकाला त्याने विचारलं. कुठे आवाज झाला, कोणत्या दिशेने, दगड कुठे सापडला. मग नकाशावर सगळं मांडलं. दगड एका लंबगोल पट्ट्यात पडले होते. त्याचा अहवाल आला आणि आकाशातून दगड पडतात यावर विद्वानांमध्ये फारसा वाद राहिला नाही. गावकऱ्यांच्या साक्षीला पुरावा मानल्यावर एक शास्त्र उभं राहिलं, हे त्या प्रकरणाचं सार.

लोणारला मात्र जे कोणी आले ते नमुने घेऊन गेले. हे मी तक्रार म्हणून नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितोय. वॉशिंग्टन, अहमदाबाद, पुणे, नागपूर अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत लोणारचा दगड आणि पाणी पोचलं. 2020च्या जूनमध्ये टाळेबंदीच्या काळात तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा देशभर फोटो फिरले. नमुने तपासायला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की पाणी आटून खारटपणा वाढल्यावर मिठात वाढणारे सूक्ष्मजीव बहरले, त्यांच्या रंगाने पाणी गुलाबी दिसलं. पाऊस पडला, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूरमध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं ते दुसरं. त्याआधी 2000 साली विवराचा परिसर अभयारण्य झाला होता, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवारसा मानलेलं आहेच. एवढे मान मिळाले तरी सरासरी पर्यटक गावात तासाभराहून जास्त थांबत नाही.

थांबला तर पाहायला खूप आहे. विवरात उतरताना सीताफळाची झाडी, मोर, वानरं. वाटेत झाडांच्या मुळ्यांनी पकडलेली, अर्धी ढासळलेली दगडी देवळं. काहींच्या गाभाऱ्यात वटवाघळांचा वास, काहींत अजून रोज फूल पडतं. खाली काठाला गेलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि चप्पलेला राखाडी चिखल चिकटतो. तो वाळला की पांढरा पडतो. कमळजा देवीचं देऊळ पाण्याच्या अगदी जवळ. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि आसपासच्या गावांतून बायाबापड्या उतार उतरून देवीला येतात. देवळासमोरच्या विहिरीला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका बाजूला पाणी गोडं, दुसऱ्या बाजूला खारं, असं सांगतात. अलीकडे पावसाळ्यांनंतर तळ्याचं पाणी वाढून देवळाच्या पायथ्याला भिडल्याच्या बातम्या आल्या. त्याच्या कारणांवर अभ्यास व्हायला हवा, आणि त्यात आधी विचारायला हवं ते वर्षानुवर्षं नवरात्रात त्या पायऱ्या उतरणाऱ्या बायांना. पाणी कोणत्या वर्षी कुठपर्यंत होतं, याची मोजपट्टी त्यांच्याकडे आहे.

गावाच्या उत्तरेला अंबर तळं आहे, लोक त्याला छोटं लोणारही म्हणतात. तेही उल्केच्या तुकड्याने झालं की काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच्या काठी मोठा मारुती आडवा निजलेला आहे. त्याच्या दगडाजवळ होकायंत्राची सुई ढळते, म्हणून ती शिळा उल्केचा तुकडा असावी असं बोललं जातं. बेसाल्टमध्येही लोहयुक्त चुंबकीय खनिजं असतात. तेव्हा नुसत्या सुईवरून निकाल देता येत नाही. भाविकाला त्या निकालाची गरजही नाही. पण गावातल्या शाळकरी पोराला तो प्रश्न पडतो, आणि त्याला उत्तर कुठे शोधायचं ते कळायला हवं. गावातच लिंबी बारव आहे, कोरीव दगडी पायऱ्यांची. धार, दैत्यसूदन, बारव, अंबर तळं, मोठा मारुती, असा पायी फेरा एका सकाळी होतो, आणि तो फेरा केल्यावरच विवरात उतरावं, असं मी कोणालाही सांगेन.

फ्रान्समध्ये 1982 साली 'सर्वांत सुंदर गावं' नावाची एक संघटना निघाली. तिचे संस्थापक शार्ल सेराक हे कोलाँज-ला-रूज या लाल वालुकाश्माच्या गावाचे नगराध्यक्ष होते. हे गाव रोशशुआरच्याच लिमूझां प्रदेशातलं. संघटनेत यायचं तर गावाची वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि किमान दोन वास्तू वा स्थळं संरक्षित हवीत, अशी अट. कोलाँजच्या कल्पनेत मला मोलाचं वाटतं ते हे की सौंदर्य एकेका वास्तूचं न मानता अख्ख्या गावाचं मानलं. गल्ली, छप्पर, पाण्याची जागा, बाजार, सगळं धरून. आपल्याकडे संरक्षण वास्तूला मिळतं. देवळाभोवती कुंपण येतं, पाटी लागते, आणि कुंपणाबाहेरच्या गावाचं काय करायचं याचा निर्णय दुसऱ्या खात्याकडे जातो. लोणारला वन खातं, पुरातत्त्व खातं, महसूल, नगर परिषद, पर्यटन यांच्या हद्दी एकमेकांना खेटून आहेत. प्रत्येकाचं काम आपापल्या हद्दीत. धारेचं पाणी मात्र या सगळ्यांच्या हद्दी ओलांडून वाहतं.

रोशशुआरला 2008 साली राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. 2017 साली तिथे विवराच्या खडकात अनेक ठिकाणी भोकं पाडून मिळून शेकडो मीटर लांबीचे नमुने काढले, आणि ते नमुने तिथेच, त्या परिसरात अभ्यासासाठी ठेवले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्यासाठी रोशशुआरला जातात, गावात राहतात, शाळेतल्या मुलांना ते लांब दगडी दांडे दाखवतात. दगड गावाचा, त्यामुळे विज्ञानही गावात आलं.

लोणारला हे करणं अवघड नाही. तळ्याखालून काढलेल्या खडकाचे तुकडे आज कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत असोत, त्यातला एक तरी वाटा लोणारला परत यावा. मॅस्केलिनाइटचा एक कापलेला तुकडा, त्याच्या शेजारी साधा बेसाल्ट, एक सूक्ष्मदर्शक, 1823 पासूनच्या नोंदी मराठीत, खाराच्या प्रती बाटल्यांत, आणि लोणासुराच्या छताची मोठी स्पष्ट छायाचित्रं. यासाठी मोठी इमारत नको, धारेजवळची एखादी दुरुस्त केलेली ओवरी पुरेल. नवरात्रात कमळजेला आलेली बाई आणि तिची नात तिथे थांबतील. सांडपाण्याचा शेवटचा ओहोळ बंद करण्याचा आणि वेडी बाभूळ काढून गावची झाडं लावण्याचा हिशोबही त्याच खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवावा, दरवर्षी, तारखेसह, गावातल्या माणसांच्या हस्ताक्षरात.